पाणी कुठे जातं ते पाहणारे साडू

आयर्लंडमधल्या यच्चयावत माणसांना रस्ता लागतो तो कुठेतरी जाण्यासाठी. माझ्या साडूंना कुठेतरी जायचं असतं ते केवळ वाटेत रस्ता लागतो म्हणून. मुक्काम हा प्रकार त्यांनी कधी मनावर घेतलेला नाही. समुद्रकिनारा, किल्ला, कुणाच्या घरचं जेवण या त्यांच्या लेखी रस्ता संपल्याच्या खुणा आहेत, आणि रस्ता संपला की त्यांचा चेहरा सुट्टी संपलेल्या मुलासारखा होतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अकोल्याचे, आणि परवापरवापर्यंत केरी जिल्ह्यातल्या ट्रलीला, तिथल्या काउंटी कौन्सिलच्या रस्ते विभागात इंजिनियर. आम्ही राहतो डंडॉकला, म्हणजे देशाच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यात. दोन बहिणींच्या नवऱ्यांनी राहण्यासाठी याहून योग्य अंतर या बेटावर काढता आलं नसतं. ते मला 'पुणेकर' म्हणतात, आणि तो शब्द डॉक्टरने आजाराचं नाव सांगावं तसा उच्चारतात. एरवी त्यांचं मराठी आपल्या सगळ्यांसारखं इंग्रजीत भिजलेलं असतं, पण रस्त्यावर पाणी साचलेलं दिसलं की आतून थेट वऱ्हाड बाहेर येतं. "पाह्यना भाऊ, कसं बसलं ते! त्याले जागाच नाही ठेवली जायले!" हे ते एखाद्या निराधाराची बाजू मांडावी तितक्या कळवळ्याने म्हणतात.

पाणी हा त्यांचा धर्म, तत्त्वज्ञान आणि पूर्णवेळ संशय आहे. रस्ता गाड्यांनी खराब होत नाही, पाण्याने होतो, हे वाक्य त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. ती भेट त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाची होती आणि मी फक्त "प्रवास कसा झाला" या प्रश्नाचं उत्तर देत होतो. माणूस ओळखायची त्यांची रीतही तीच. आमच्या एका सज्जन मित्राबद्दल ते कधी चांगलं बोलत नाहीत, कारण त्याने घरासमोर फरशी घालताना उतार रस्त्याच्या बाजूला ठेवला. "स्वतःचं पाणी दुसऱ्याच्या दारात सोडणारा माणूस," एवढंच ते म्हणतात, आणि विषय संपतो. एकदा सगळे मिळून उंच कड्यांवर गेलो होतो. खाली अटलांटिक फुटत होता, लोक हातातले फोन वाऱ्यात सांभाळत फोटो काढत होते, आणि साडू समुद्राकडे पाठ करून पार्किंगच्या कोपऱ्यातल्या जाळीचा फोटो घेत होते. "बाबा, प्लीज," त्यांची मुलगी तिच्या अस्सल केरी उच्चारात म्हणाली, "इट्स ओन्ली अ ड्रेन." त्यावर ते म्हणाले, "बेटा, समुद्र आपला आपण चालतो. हिला कोणीतरी पाहावं लागतं."

मोटरवेबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. मोटरवे म्हणजे बड्या बापाचं लेकरू. त्याला नोकरचाकर, दिवे, कॅमेरे, सगळं आहे. त्यांचा जीव डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या त्या बारक्या रस्त्यांवर, ज्यांच्या मधोमध गवताची शेंडी असते आणि दोन्ही बाजूंनी झुडपं गाडीचे कान पिळतात. उन्हाळ्यात ही झुडपं छाटायला कायद्याने बंदी आहे, पक्षी घरटी करतात म्हणून. सहा महिने साडूंना शेतकऱ्यांच्या शिव्या आणि पक्ष्यांची बाळंतपणं दोन्ही सांभाळावी लागत. काही रस्ते तर दलदलीवर नुसते अंथरलेले आहेत. त्यांवरून ट्रॅक्टर गेला की रस्ता गादीसारखा दबतो आणि पुन्हा वर येतो. अशा रस्त्यावर साडू गाडी थांबवून खाली उतरतात, दोन उड्या मारतात आणि समाधानाने परत येऊन बसतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चिंतेने मेव्हणीकडे पाहिलं. ती पर्समधून पुस्तक काढून वाचत होती. मेव्हणीने त्यांच्या रस्त्यांवर बरीच पुस्तकं वाचून संपवली आहेत.

मोठेपणाच्या समारंभांना त्यांना नाइलाजाने जावं लागे. एका बायपासच्या उद्घाटनाला मीही होतो, कारण त्या दिवशी पाहुणा म्हणून माझं दुसरं काय करायचं ते कुणाला सुचलं नाही. मंत्री आले होते, तीनचार कौन्सिलर होते, फीत होती, आणि अर्थातच पाऊस होता. मंत्री छत्रीखाली उभे राहून दूरदृष्टीबद्दल बोलत होते. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. साडू मात्र मंत्र्यांच्या बुटांपासून निघालेल्या एका ओघळाकडे पाहत होते. तो ओघळ थोडा घुटमळला, डावीकडे वळला, आणि कडेच्या जाळीत सुळकन गेला. साडूंनी मोठ्याने टाळ्या वाजवल्या. मंत्री नेमके "येणाऱ्या पिढ्यांसाठी" म्हणून श्वास घ्यायला थांबले होते. साडूंच्या मागोमाग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मंत्र्यांनी भाषणानंतर मुद्दाम येऊन त्यांचा हात दाबला. "बहुत समजदार माणूस," साडू मला नंतर म्हणाले, "पाण्याच्या मधे उभा नाही राहिला."

त्या सगळ्या रस्त्यांमध्ये एक रस्ता नोराचा होता. कागदावर त्याला क्रमांक होता, पण साडू त्याला नोराचा रस्ताच म्हणत, कारण त्याच्या टोकाला एकच घर होतं आणि त्यात ऐंशी ओलांडलेली नोरा आणि तिचा कुत्रा राहत. घराच्या अलीकडे एक ओढा रस्त्याखालून जातो. तिथली मोरी जुनी आणि अरुंद. पानं अडकली की पाणी रस्त्यावरून जाणार, आणि एखाद्या दिवशी रस्ताच घेऊन जाणार. नोरा ऑफिसला फोन करत नसे. ऑफिसात आधी एक बटण दाबा, मग दुसरं दाबा, असं सांगतात, आणि तिच्या फोनला बटणं नाहीत, असं ती म्हणे. ती साडूंना करी. पावसाचे चार थेंब पडले की फोन. साडू सांगत, "येतो." आणि जात.

गेल्या वर्षी या संसारात डब्लिन आलं. मेव्हणी अकोल्याला कॉलेजात शिकवत होती. लग्नानंतर काही वर्षांनी ते सोडून ती ट्रलीला आली, आणि तिथे मुलगी, स्वयंपाक आणि खिडकीतून दिसणारा पाऊस असा तिचा अभ्यासक्रम झाला. खूप अर्ज केल्यावर तिला डब्लिनच्या एका कॉलेजात शिकवायची जागा मिळाली, जानेवारीपासून. साडूंनीही, नवऱ्याचं कर्तव्य म्हणून, तिथे देशभरातले मोठे रस्ते सांभाळणाऱ्या खात्यात अर्ज टाकला होता. आपल्याला घेणार नाहीत अशी त्यांची खात्री होती. त्यांनी घेतलं. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले. त्याच्या आधीच्या रविवारी नरकचतुर्दशी होती, आणि आम्ही दिवाळीला त्यांच्याकडे गेलो होतो.

"यांचं काही ठरत नाहीये," मेव्हणीने शनिवारी चकल्या तळताना मला आणि बायकोला सांगितलं. तिने आवाज चढवला नाही, गॅस बारीक केला. "मी एकदा नोकरी सोडून आले. दुसऱ्यांदा सोडणार नाही. मी जाणार. हे आले तर तिघं जाऊ, नाही तर दोघी."

"मी नाही म्हणलं का?" साडू दारातून म्हणाले.

"'हो'सुद्धा नाही म्हणालात."

"म्हणतो ना. सोमवारी म्हणायचं आहे. आज शनिवार आहे."

रविवारी सकाळी मी अभ्यंगस्नान उरकून बाहेर आलो, तर साडू पाटावर बसलेले, अंगाला तोंडाला उटणं लावलेलं, आणि कानाला फोन. नोरा होती. बाहेर पाऊस पिसाळला होता. कौन्सिलचा डेपो रविवारचा बंद, आणि तातडीच्या कामाची माणसं कुठेतरी पडलेल्या झाडामागे गेलेली. साडूंनी उटण्यावरच नवा कुर्ता चढवला, त्यावर रेनकोट, आणि जाता जाता ओट्यावरून कालचा चकल्यांचा मोठा झारा उचलला. "अहो, आंघोळ!" मेव्हणी म्हणाली. "तिथे होईलच," ते म्हणाले. मला त्यांनी बोलावलं नव्हतं, पण मेव्हणीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बूट घातले.

मोरीपाशी पाणी रस्त्याच्या कडेला टेकलं होतं. साडू ओढ्यात उतरले आणि झाऱ्याने पानांचे लगदे काढून बाजूला फेकू लागले. मी छत्री धरून उभा होतो. कोणावर, ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. पलीकडून नोरा आली, पुरुषी बूट, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, मागे कुत्रा.

"काम सुरू करायच्या आधीच तोंडाला चिखल?" तिने विचारलं.

"चिखल नाही, नोरा. सणाचं आहे. सुगंधी."

तिने वाकून वास घेतला. "मग आम्ही इतकी वर्षं चुकीचा चिखल लावतोय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "हा कोण? मंत्री?"

"साडू आहे माझा."

"तरीच छत्री धरलीय."

तेवढ्यात आत अडकलेला एक मोठा गोळा सुटला, मोरीने घसा मोकळा केल्यासारखा आवाज काढला आणि पाणी खालून धावू लागलं. साडू ओढ्यातच उभे राहून ते पाहत राहिले. मग वर न पाहता म्हणाले, "नोरा, मला डब्लिनला बोलावलंय. मोठ्या रस्त्यांवर. बायकोलाही तिथे नोकरी लागली."

"जा की मग."

"अजून हो म्हटलेलं नाही."

"का?"

साडूंनी झाऱ्यातली पानं झटकली. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या पायांखालून वाहत होतं, आणि ते तिला दिसावं अशी त्यांची फार इच्छा होती.

"इथलं कोण पाहणार?"

"पाठवतील दुसरा कोणी," नोरा म्हणाली. "तुझ्या आधी एक होताच. त्याच्या आधी एक होता, तो तर पीत असे. रस्ता आहे अजून. बायको शिकवणार म्हणतोस? मग वेड्या, तू इथे गटारात काय करतोयस?" आणि ती चहा आणायला घराकडे गेली.

परतताना गाडी साडूच चालवत होते. एका ठिकाणी रस्त्यात मोठं डबकं होतं. त्यांनी त्यातून सरळ गाडी घातली. हे मी त्यांना आयुष्यात प्रथमच करताना पाहिलं. मग म्हणाले, "एकदाही नाही म्हणाली, राहा म्हणून."

"म्हणाली असती तर?"

"राहिलो नसतो हो. पण म्हणायला काय जातं?"

घरी पोचल्यावर त्यांनी झारा धुऊन मेव्हणीच्या हातात दिला आणि म्हणाले, "तिघं जाऊ." मेव्हणी झाऱ्याकडे पाहत म्हणाली, "आंघोळीचं पाणी पुन्हा तापवते." आणि न्हाणीघरात जाऊन तिने दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. उटणं गेलं डोळ्यात, म्हणाली. उटणं तिने लावलेलंच नव्हतं, पण सणाच्या दिवशी मी अशा गोष्टी काढत नाही.

आता ते डब्लिनला आहेत. काचेची इमारत, भिंतभर पडदा, त्यावर सगळ्या देशाचे मोठे रस्ते हिरव्या रेषांनी उजळलेले. बारके रस्ते त्या नकाशात नाहीत, कारण ते त्या खात्याचे नाहीत. साडूंची तक्रार नाही. मेव्हणीचा तास असेल त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक ते करतात. ती कॉलेजातून येते ती जिन्यातूनच बोलत येते, कोणत्या मुलाने काय विचारलं ते. आणि ते कणीक मळता मळता ऐकतात. त्यांना इतकं लक्ष देऊन काही ऐकताना मी पूर्वी फक्त मोरीपाशी पाहिलं होतं.

मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे होतो तेव्हा पश्चिमेकडून वादळ येत होतं. टीव्हीवरच्या नकाशात केरी जांभळं झालं होतं. साडू दोनदा उठले, दोनदा बसले, आणि शेवटी त्यांनी नोराला फोन लावला. आजवर फोन नेहमी तिचा येई. त्यांनी करण्याची ही पहिलीच वेळ. आम्हाला इकडचीच बाजू ऐकू येत होती. "पाऊस आहे का... मोरी?... अच्छा... अच्छा. छान. छानच."

फोन ठेवून ते म्हणाले, "नवीन पोरगी आहे एक इंजिनियर. कालच येऊन मोरी साफ करून गेली."

"कालच?" मी म्हटलं. "म्हणजे पावसाच्या आधी."

"आधी. हुशार आहे. मी नोराच्या फोनची वाट पाहायचो." मग म्हणाले, "आता फोन करावाच लागत नाही म्हणते."

मेव्हणीने त्यांच्यासमोर चहा ठेवला. त्यांनी कप हातात धरला, पण प्यायले नाहीत. "मग आता ती," ते म्हणाले, "पाऊस आला की फोन करते कोणाले?"

मग मेव्हणीने टेबलावरचा फोन उचलून त्यांच्यापुढे सरकवला. "तिने नाही केला तर तुम्ही करा," ती म्हणाली. "पाण्याचंच बोलायला हवं असं कुठे आहे?"

तेव्हापासून केरीत पाऊस असला की साडू फोन करतात, आणि केरीत पाऊस असतोच. मेव्हणी सांगते, सुरुवातीची दोन मिनिटं मोरीची असतात, मग कुत्र्याची, आणि मग दोघांकडेही बोलायला काही उरत नाही. पण ठेवत कोणीच नाही. साडू खिडकीशी उभे राहून तिकडचा पाऊस ऐकत असतात.