एडॉन म्हणजे गाणारी

रेन नावाचा पक्षी मी आजतागायत पाहिलेला नाही. तो वसईत नसतो. वसईत काय, हिमालय सोडला तर आपल्या देशात कुठेच नसतो, आणि हिमालयात गेलो तेव्हा पोट बिघडून मी चारही दिवस लॉजच्या खोलीत पडून होतो. तरीसुद्धा त्या काळात आमच्या सोसायटीपासून थेट सांडोर गावापर्यंत रेनवर अधिकारवाणीने बोलणारा एकच माणूस होता, आणि तो मी.

याचं श्रेय मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर घेतलेल्या एका परदेशी पक्षीपुस्तकाला. त्याची निम्मी पानं गळालेली होती. बदकं गेली होती, घारी गेल्या होत्या, घुबडांचे नुसते पाय उरले होते. रेनचं कुळ मात्र शाबूत होतं, आणि त्याच्या शेवटी बारीक टाइपात शास्त्रीय नावांचे अर्थ दिले होते. ऑफिसात फायलींवर शिक्के मारणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. ट्रोग्लोडायटीज म्हणजे बिळात शिरणारा. ग्रीक भाषेत ट्रोग्ली म्हणजे बीळ, आणि पुढचा तुकडा शिरणाऱ्याचा. हा मूठभर तपकिरी जीव किडे शोधत भिंतीच्या फटीत, मुळांखाली, लाकडांच्या ढिगात घुसतो म्हणून. सॅल्पिंक्टीज म्हणजे तुतारी वाजवणारा. थ्रायोथोरस म्हणजे लव्हाळ्यात उड्या मारणारा. कॅम्पिलोरिंकस म्हणजे वाकड्या चोचीचा. ही नावं मी आंघोळ करताना स्तोत्राच्या चालीवर म्हणत असे. बायको बाहेरून ओरडायची, "देव पावला तर विचारा, नळाला पाणी कधी येणार ते!"

रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून मी सांडोरला जायचो. तिथे एका कुटुंबाची केळीची वाडी होती. आधी त्यांच्याकडे सुकेळी घ्यायला जायचो, मग पक्षी बघायला, मग नुसताच. नवरा वाडी सांभाळून एका लहान कारखान्यात नोकरी करायचा. बायको शांत, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. शेजारच्याच घरात तिची जाऊ, आणि जावेची चार मुलं. आपसात ती मंडळी त्यांची घरची बोली बोलायची, त्यातलं मला निम्मंच कळायचं. माझ्याशी मात्र पुस्तकातलं मराठी बोलायची, आणि वयाचा मान ठेवून मला काका म्हणायची.

कुंपणावर शेपटी ताठ उभी करून किरकिरणारा वटवट्या दिसला की मी सुरू व्हायचो. "याला जुन्या इंग्रजी पुस्तकांत रेनचा भाऊबंद म्हटलंय. तसा तो नाही, पण शेपटी बघा, तीच ऐट!" आणि तिथून गाडी ट्रोग्लोडायटीजवर. नवरा केळीच्या बुंध्याला टेकून ऐकायचा. "काका, तुम्हाला पगार याचाच मिळतो काय?" तो विचारायचा. बायको हसायची नाही. ती हसेनाशी झाली होती.

त्याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं आणि मलाही. वाडीच्या मागे बावखल होतं. झाडांना पाणी मिळावं म्हणून तिथे वाडीवाडीत अशी लहान तळी खणलेली असतात. दोन वर्षांचा त्यांचा मुलगा एका दुपारी त्यात गेला. ती उतू जाणारं दूध उतरवायला आत गेली होती आणि मागचं बांबूचं फाटक लावायचं राहिलं होतं. एवढंच. तिचा काय दोष, असं प्रत्येकाने तिला सांगितलं. मीही सांगितलं. सांगितलं म्हणजे, तेव्हा तिथे सगळे तेच सांगत होते, त्यात माझा एक आवाज.

पुढे काही वर्षांनी त्यांना मुलगी झाली. बाळ महिन्याचं झालं असेल, तेव्हा एका रविवारी नवऱ्याने मला ओट्यावर बसवलं. "काका, एक नाव सुचवा. गावात कोणाचं नसेल असं."

त्यांच्याकडे आईच्या नावाचा एक तुकडा आणि बापाच्या नावाचा एक तुकडा जोडून नवं नाव घडवायची पद्धत आहे. पहिल्या मुलाचं तसंच केलं होतं. या वेळी तिला तसं नको होतं. तुकडे तेच निघणार ना, ती म्हणाली.

सभ्य माणूस म्हणाला असता, घरच्यांना विचारा. मी म्हणालो, "एडॉन!"

रेनच्या कुळात घरांच्या आसपास राहणारी एक अमेरिकन जात आहे. ट्रोग्लोडायटीज एडॉन. माझ्या पुस्तकात एडॉनसमोर एकच ओळ होती: ग्रीक भाषेत नाइटिंगेल, गाणारी. घरात राहणारी गाणारी! मी ते असं काही म्हणालो की जणू ग्रीकांनी ही मुलगी डोळ्यांसमोर ठेवूनच शब्द घडवला होता. आईने ते नाव बाळाच्या तोंडाजवळ नेऊन एकदा हळूच उच्चारलं. मग पुन्हा एकदा. "गाणारी," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याचं श्रेय माझं, हे मी घरी येईपर्यंत तीन जणांना सांगून टाकलं.

त्यांच्या चर्चचे फादर म्हणाले म्हणे, एखाद्या संताचं नाव असतं तर बरं. मग संताचं नाव मागे जोडायचं ठरलं आणि बाप्तिस्म्याचा रविवार पक्का झाला.

इथपर्यंत थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मला भेट द्यायची होती, आणि ती चारचौघांत उठून दिसणारी. ठरवलं, सुंदर अक्षरात नावाची व्युत्पत्ती लिहायची, फ्रेम करायची, खाली माझं नाव. एका ओळीत फ्रेम कशी भरणार? म्हणून ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत शिरलो. तेव्हा इंटरनेटचं पान वरून खाली ओळीओळीने उतरायचं. पहिल्या ओळी उतरल्या: एडॉन, थीब्जची राणी. वा! राणी! मी कागदावर 'राणी' लिहून घेतलं. पुढच्या ओळी आल्या. तिला एकच मुलगा. तिच्या जावेला पुष्कळ मुलं, त्यामुळे ती मनातून जळायची. मग पान अडकलं. कॅफेवाला पोरगा म्हणाला, "अंकल, रिफ्रेश मारो." मी मारला. उरलेलं उतरलं. एका रात्री ती जावेच्या थोरल्या मुलाला मारायला गेली आणि अंधारात चुकून तिच्या हातून तिचा स्वतःचाच मुलगा मेला. तिचा आकांत पाहून देवाला दया आली आणि त्याने तिला पाखरू केलं. ती अजून मुलासाठी गाते.

माझ्या कागदावर 'राणी' एवढाच शब्द होता. कॅफेवाल्याने विचारलं, प्रिंट हवी का.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने कणीक मळायची थांबवली नाही. "मग? सांडोरला कोणाला येतंय ग्रीक?"

"पण मला माहीत आहे ना!"

"तुम्हाला माहीत आहे, मलाही आता माहीत आहे. आपण दोघं गप्प बसू. बोंबलून काय मिळवणार आहात?"

"हा सत्याचा प्रश्न आहे."

"सत्याचा नाही, तुमच्या पोटाचा आहे. तुमच्या पोटात काही राहत नाही. हिमालयातसुद्धा राहिलं नव्हतं."

मी दुखावलो. दुखावलेला माणूस तत्त्वनिष्ठ होतो. शनिवारी दुपारी मी सांडोरला निघालो. वाटेत मात्र तत्त्व थोडं सैल झालं आणि ठरवलं, खरं सांगायचं नाही, नाव तेवढं बदलायला लावायचं. म्हणजे थाप मारायची. थापा कशा माराव्यात याचाही अभ्यास असावा लागतो, तो मी केलेला नव्हता.

ओट्यावर जाऊ वाटाणे सोलत होती, उद्याच्या जेवणाची तयारी. नवरा खुर्च्या मोजून घेत होता. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि बाळाच्या पांढऱ्या झग्याला लेस लावायची राहिली होती ती लावत होती.

"एक छोटी अडचण आहे," मी म्हणालो. "त्या पक्ष्याचं नाव ट्रोग्लोडायटीज आहे ना, तर चिंपांझीच्या शास्त्रीय नावातही ट्रोग्लोडायटीज आहे."

हे खरं होतं. उपयोगाचं नव्हतं, पण खरं होतं.

नवरा हसायला लागला. "मग काय झालं? आम्ही ते कुठे ठेवतोय? आणि आपण सगळे माकडापासूनच आलो म्हणतात. फक्त फादरना सांगू नका."

जाऊ म्हणाली, "आमचा धाकटा तर आजून आलाच नाय, तिकडेच हाय."

सगळे हसले. मी दुसरी थाप काढली. "शिवाय हा पक्षी तसा वाईट चालीचा आहे. दुसऱ्यांच्या घरट्यात जाऊन अंडी फोडतो."

तोंडातून गेलं आणि मला कळलं की खोटं शोधता शोधता मी खऱ्याच्या अगदी जवळ आलोय. हेही पुस्तकात होतं, म्हणजे पुन्हा खरंच. आईची सुई थांबली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी वाचलंत. काय ते सांगा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून हसतच होता. जावेकडे पाहिलं नाही. "आत चला," मी म्हणालो, आणि स्वयंपाकघरात उभं राहून त्या दोघांना सांगितलं. जाऊ आणि जळणं गाळलं. ओट्यावर वाटाणे सोलत बसलेल्या बाईपासून दोन हातांवर उभं राहून ते सांगायची हिंमत नव्हती. सांगितलं एवढंच: एक राणी होती, अंधारात चुकून तिच्या हातून तिचा मुलगा गेला, म्हणून ती पाखरू झाली आणि गात राहिली.

नवरा म्हणाला, "काका." एवढंच म्हणाला, आणि बाहेर खुर्च्यांकडे गेला.

ती बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने बाळाची पाठ थोपटली. मग म्हणाली, "मला का सांगितलंत?"

"चुकीचं नाव ठेवलं जाऊ नये म्हणून..."

"मी रोज हाक मारणार होते. मला गाणारी म्हणून हाक मारायची होती. मला कधी कळलं नसतं. कोणालाच कळलं नसतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्हाला जड झालं, म्हणून तुम्ही माझ्याकडे आणून ठेवलंत."

त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. काही शहाणपणाचं बोललो असेन तर ते न आठवणंच बरं.

नाव बदललं. तिच्या आईचं नाव ठेवायचं ठरलं, साधं, गावात आणखी चार जणींचं असलेलं. मी निघताना ती म्हणाली, "फादरना कारण तुम्ही सांगा. आमचं नाव मध्ये घेऊ नका."

मी फादरना चिंपांझीचं कारण सांगितलं. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा संपेपर्यंत ते साऱ्या गावात पोहोचलं होतं. मांडवात शिरलो तर अनोळखी माणसं हात मिळवत होती: "या या, चिंपांझीवाले काका!" एकाने पोराला समोर उभं करून विचारलं, याचं नाव बदलायला लागेल का बघा. फुग्यांचा ढीग माझ्या पानात पडला. मैद्याचे ते गोल तळलेले पाव मला आवडतात हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मी खाल्ले. हसणाऱ्यांबरोबर हसलोही. माझी जेवढी फजिती होईल तेवढं बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटत होती. हे हसणं म्हणजे काही फेड नव्हती. फुकट मिळालेली करमणूक होती.

बायकोने नुसतं एकदा माझ्या पानाकडे बघितलं, मग वर माझ्याकडे.

जेवणं आटोपत आली तेव्हा बाळाची आई पाणी वाढायला आली. आमच्या रांगेत मी एकटाच उरलो होतो. तिने माझा ग्लास भरला आणि जग तसाच धरून उभी राहिली.

"ती राणी," ती म्हणाली. "मुद्दाम नव्हतं ना केलं तिने?"

जावेबद्दलचं गाळलेलं वाक्य जिभेवर आलं. "नाही," मी म्हणालो. "अंधार होता."

"मग तिला पाखरू कशाला केलं?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. सायबर कॅफेत शेवटच्या ओळीत लिहिलेलंच होतं, दया आली म्हणून. पण पाच वर्षं ती दुसरं काय खात होती? विहिरीवर दया, मिस्सेला दया, भाजी घेणाऱ्या बाईची दया, रविवारी दुर्बीण घालून येणाऱ्या माझीही. आता देवाचीही तीच, एवढंच तिला सांगण्यासारखं माझ्याकडे होतं.

"नीट वाचून सांगतो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुढच्या पंगतीकडे गेली. त्यानंतरही मी कित्येक रविवार त्या वाडीत गेलो, वटवटे पाहिले, सुकेळी आणली. ती प्रत्येक वेळी मला पाणी आणून द्यायची आणि क्षणभर थांबायची. मी पाणी पिऊन ग्लास परत करायचो.