वाटीतला दात

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडात आमची बोटं असतात, त्यामुळे त्याला बोलता येत नाही. मग खुर्चीतून उतरला की दाराची कडी हातात धरून तो सगळं एकदम बोलतो. मी सिल्वासात दवाखाना काढला ब्याऐंशी साली. तेव्हापासूनचे पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे बुटांच्या खोक्यांत भरून माझ्या माळ्यावर पडलेत. किस्से त्याहून जास्त आहेत.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. बायको सुलभा इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि तिच्यामागून मी आलो. बाजारात एक गाळा घेतला. लाकडी खुर्ची, शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं ड्रिल आणि छगनभाई नावाचा कंपाउंडर, एवढा माझा संसार. दुखतो तो दात काढायचा आणि सगळे गेले की कवळी करून द्यायची. दर गुरुवारी जवळच्या सुरंगी गावाला जाऊन तिथले दात काढायचे. दातांचा डॉक्टर मी एकटाच होतो, आणि एकटं असण्यासारखं सुख धंद्यात दुसरं नाही. नऊ वर्षं छान गेली. मग प्रधान आला.

पण त्याआधी भिकाआप्पांचं सांगतो.

*

भिकाआप्पा धुळ्याकडचे, मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात कामाला. पन्नाशीतच तोंडाचं बोळकं झालेलं. कवळी पक्की करण्याआधी आम्ही दात मेणात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतो. दिसायला अगदी कवळीच, पण गुलाबी भाग सगळा मेणाचा. ती ट्रायल घालून आप्पा आरशात बघत होते आणि मी आतल्या खोलीत प्लास्टर कालवत होतो. बाहेर येतो तर आप्पा नाहीत, आणि दातही नाहीत!

दुसऱ्या दिवशी आले ते दात रुमालात बांधून. दात कसले, नुसता गोळा.

“डॉक्टरसाहेब, चहा लिधा आन् दात खाले उनात.”

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. बोळक्या तोंडाने पुढ्यात बसायची आप्पांना लाज वाटली, म्हणून मेणाचे दात तसेच घालून घरी गेले. पाहुण्यांबरोबर गरम चहा झाला. मेण मऊ पडलं, दात ओठांबाहेर आले आणि आत जाईनात. आप्पा तासभर तोंड उघडं ठेवून बसले.

मी भीतभीत विचारलं, “आणि सोयरीक?”

“व्हई गई ना. त्यास्ले वाटनं, मानूस हासरा शे.”

हा किस्सा मी सगळ्यांना सांगतो. पुढचं सांगत नाही. मी केलेली पक्की कवळी त्यांना कायम सैल झाली, आणि काही वर्षांनी त्यांनी प्रधानकडून नवीन करून घेतली. आता आप्पा गरम चहाही पितात आणि तोंडही मिटतात.

*

प्रधान मुंबईहून आला एक्क्याण्णवला. वय तिशीच्या आत, डोक्यावर दाट केस आणि स्वभाव गोड. यातलं एक जरी कमी असतं तरी मला सोपं गेलं असतं. रस्त्यात भेटला की स्कूटर थांबवून म्हणायचा, “सर, तुम्ही सीनियर. चुकलं तर सांगा.” मी वाट बघत होतो, पण तो चुकत नव्हता.

त्याच्याकडे बटणावर वरखाली होणारी खुर्ची होती. किडलेला दात तो काढत नसे, रूट कॅनाल करून वर कॅप बसवी. गेलेल्या दाताच्या जागी ब्रिज करी. म्हणजे बाजूचे दोन दात थोडे घासायचे आणि त्यांच्या आधाराने मधला चिनी मातीचा दात कायमचा पक्का करायचा. तो काढायला नको, धुवायला नको, वाटीत ठेवायला नको.

वाटीचं आता सांगावंच लागेल. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्टीलची वाटी असते, आणि तिच्यातला दात सुलभाचा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा हापशाचा दांडा लागून तिचा समोरचा, वरचा दात हलला. मी नवीन डॉक्टर, हात शिवशिवत होते. मी तो काढला. बाजूच्या दातांना तारेने बांधून ठेवला असता तर महिन्याभरात धरला असता, हे मी पुढे पुस्तकात वाचलं आणि पुस्तक कपाटात मागे सरकवलं. त्या जागी तिला एका दाताची प्लेट करून दिली. ती रोज झोपताना काढून वाटीत ठेवायची, रोज सकाळी घालायची. वाटीतलं पाणी मी बदलायचो. बाहेर पेरू, कणीस, चिक्की काही खायची नाही. आणि हसली की हात तोंडावर जायचा. लग्नाआधी ती अशी हसत नव्हती.

प्रधान येऊन वर्ष झालं असेल. एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “अहो, आपण प्रधानांना माझ्या दाताचं विचारायचं का?”

“त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात,” मी म्हणालो. “मला ते पटत नाही.”

“बरं. राहू दे,” ती म्हणाली.

ते कारण खोटं नव्हतं. फक्त ते माझं कारण नव्हतं. माझ्या बायकोच्या तोंडात प्रधानचा दात, हे मला सहन होणार नव्हतं.

*

एकदा भर दुपारी गावातली लाइट गेली. थोड्या वेळाने प्रधानचा माणूस धावत आला. “सर, आमच्या साहेबांनी तुमचं पायाचं ड्रिल मागितलंय. पेशंट अर्धवट राहिलाय.”

आहाहा! इतकं गोड वाक्य मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं. मी हातगाडी बोलावली, तिच्यावर ड्रिल उभं चढवलं आणि स्वतः पुढे चालत निघालो. जवळची गल्ली सोडून मुद्दाम बाजारातून गेलो. कोणी विचारलं की थांबून सांगत होतो, “काही नाही, प्रधानांची मशिनं बंद पडली. म्हटलं, मदत करू.”

असं करत पोचायला अर्धा तास लागला. प्रधानने तोवर टॉर्च धरून तात्पुरतं सिमेंट भरून टाकलं होतं. खुर्ची आडवी होऊन अडकली होती आणि तिच्यावर पेशंट घोरत होता. हे राणे भाऊसाहेब, कचेरीतले हेडक्लार्क, मूळ मालवणचे आणि मूळ माझे पेशंट.

ते जागे झाले, मला बघून म्हणाले, “डॉक्टर, तुमच्या खुर्चीत मला दहा वर्षांत एकदाही झोप लागली नाही.”

ड्रिल परत आणताना मी गल्लीतून आलो.

*

याच राणेंना मी वर्षभर सांगत होतो, मागचे सहा दात काढून टाका, त्यांत काही राम नाही. त्यांनी ते सहाच्या सहा प्रधानकडून रूट कॅनाल करून वाचवले. वाचवले ते वाचवले, वर दाखवायला माझ्याकडे आले. जुन्या ओळखीचे ना!

“बसा,” मी म्हणालो. “काही त्रास?”

“त्रास आहे. दात ठणकतात.”

खरं सांगतो, मला उकळ्या फुटल्या. चेहरा गंभीर करून मी आरसा घेतला. “कुठले? प्रधानांनी केलेले ना?”

“नाही हो. ते सहा सोडून बाकीचे.”

*

शेवटी मला राहवेना. प्रधान करतो तरी काय ते बघायला मी छगनभाईला पाठवलं. त्याची एक दाढ तुटलेली होतीच, म्हटलं दाढ दाखव आणि सगळं बघून ये. छगनभाई माझ्याकडे पहिल्या वर्षापासून होता, वापीचा, घरी गुजराती बोलणारा. विश्वासाचा माणूस.

दीड तास झाला तरी पत्ता नाही. आला तो सरळ कपाटाकडे गेला.

“काय रे, एका दाढेला दीड तास?”

“साहेब, एणे तो सगळे दात गणले. एक-एक. कागद पर लिहून घेतलं. मी बोललो, जे दुखे छे ते जुओ ने. तो बोलले, छगनभाई, बाकीचे पण तुमचेच छे.”

“मग?”

“मग काय. चार ठिकाणी सडो निघाला, कीड.” त्याने कपाटातला ट्रे काढला, पुसला, परत ठेवला. “इग्यार वरस तुमच्याकडे काम केलं, साहेब. तुमी माझं तोंड कधी उघडून जोयलं नाही.”

मी त्याला त्या संध्याकाळी लवकर सोडलं. पोटदुखी काय असते ते मला माहीत होतं, पण हे तसं नव्हतं. याचा राग प्रधानवर काढताच येत नव्हता, आणि त्यामुळे मला त्याचा आणखीच राग आला.

*

आता शेवटचं. जानेवारीत सुलभाच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. निवेदन तिच्याकडे. सकाळी घाईघाईत नवी साडी नेसून ती गेली. मी दुपारी जेवायला घरी आलो, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि खिडकीतल्या वाटीत बघितलं. प्लेट पाण्यात तशीच पडलेली!

ती दात विसरून गेली होती. सगळ्या गावासमोर माइक घेऊन ती उभी राहणार आणि समोर खिंडार दिसणार, तेही मी पाडलेलं. मी प्लेट रुमालात गुंडाळली, खिशात घातली आणि जेवण टाकून स्कूटर काढली. वाटेत मला बरंही वाटत होतं. निदान आज तरी तिला माझा दात लागणार होता, प्रधानचा नव्हे.

शाळेच्या व्हरांड्यात शिक्षिकांचा घोळका होता. सुलभा मध्ये उभी होती. तिच्या हातात अख्खा पेरू होता आणि ती तो समोरच्या दातांनी चावत होती. कोणीतरी काहीतरी बोललं आणि ती हसली. एका हातात पेरू, दुसऱ्या हातात निवेदनाचे कागद. तोंडावर हात गेला नाही.

दात माझ्या खिशात होता. आणि दात तिच्या तोंडातही होता.

मी खांबाआड उभा राहून नीट बघितलं. रंग बाजूच्या दातांशी अगदी जुळलेला. हिरडीजवळ फट नाही. टोकाला किंचित झीज दाखवलेली, तिच्या वयाला शोभेल अशी. नाव ठेवायला एवढीशी जागा सोडली नव्हती त्या माणसाने. मी सुरंगीला असताना किती गुरुवार गेले असतील, किती सकाळी तिने प्लेट वाटीतून काढून नुसती लपवली असेल, याचा मी हिशोब करायला लागलो आणि सोडून दिला. तिने पेरू संपवला, रुमालाने तोंड पुसलं आणि ती स्टेजकडे गेली. मी तिला न भेटता परत फिरलो.

घरी येऊन प्लेट वाटीत ठेवली आणि पाणी बदललं.

ती संध्याकाळी आली. पदर खोचून चहा टाकायला गेली आणि खिडकीपाशी थांबली. वाटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

“पाणी बदललंत?”

“हो.”

“कधी?”

“दुपारी.”

तिने गॅस बंद केला. मी स्टूल ओढून खिडकीच्या उजेडात ठेवलं.

“बस इथे,” मी म्हणालो. “तोंड उघड बघू.”

ती बसली. पदर नीट केला, मान मागे टाकली आणि तोंड उघडायच्या आधी म्हणाली, “हात धुऊन या आधी. प्रधान धुतात.”