चौथं नाव

‘पावणं, एकी करू नका!’ आमचे वकीलसाहेब आल्यागेल्याला हेच सांगायचे. सातवीनंतर शाळा सुटलेली मी, शाहूपुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत टायपिंग शिकले, पण हे वाक्य ऐकून दचकला नाही असा माणूस काही पाहिला नाही. तुम्हीच सांगा, मोळीची गोष्ट ऐकून वाढलेली माणसं आपण! पण साहेबांचा कायदाच असा, की धंदेवाल्यांनी आपसात ठरवून एकच दर लावला तर तो गुन्हा. मला म्हणायचे, ‘मावशी, माझ्या कायद्यात मोळी बांधनाराच सापडतोय.’ आणि स्वतःच हसायचे.

एकदा कागलकडचा एक फौंड्रीवाला आला. पाच कारखानदारांनी एका वास्तुशांतीच्या जेवणात दर ठरवलेला आणि आता चौकशीची नोटीस आलेली.

‘सायेब, पयला कबूल करंल त्येचा दंड माफ म्हनं. खरं हाय काय?’

‘व्हय. मागनं येईल त्याला कमी सूट.’

‘मग मीच पयला. घ्या नावं.’

मी नावं टाइप करत होते. चौथं नाव ऐकलं आणि बोटं थांबली. साहेबांचे दाजी, त्यांच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे मालक!

साहेब म्हणाले, ‘तुमचं काम मला घेता यायचं न्हाय. ते माझं दाजी हायत.’

‘म्हंजे आता त्यांस्नी सांगनार की तुम्ही!’

‘ह्या खोलीतलं भाईर जात न्हाय.’

पुण्याचा वकील गाठतो म्हणून तो उठला.

आणि बघा, दुसऱ्याच दिवशी दाजी आले, हातात नोटीस नाचवत. ‘मेव्हणं, भ्यायचं काम न्हाय. आमी पाचजण एक हाय. कोण फुटत न्हाय!’

‘दाजी, दुसरा वकील गाठा. आजच.’

‘घरात वकील असून दुसरा? का, आमची लाज वाटाय लागली?’

‘आजच जावा. हात जोडतो.’

‘ऱ्हावू द्या तुमचं हात!’ चपला घालून दाजी जिना उतरले.

साहेबांनी खिडकीचे गज धरले. ‘मावशी, मी आजच म्हटलं न्हवं? दोनदा म्हटलं न्हवं?’ दिवसभर तेच विचारत राहिले. मी म्हटलं, ‘एक शब्द टाका हो, सख्ख्या बहिणीचं घर आहे.’ तर म्हणाले, ‘मग उद्या माझ्यापुढं कोन तोंड उघडंल?’ आणि टेबलावर डोकं टेकून रडले. माझ्याही फोनमध्ये आक्कांचा नंबर होता. दोनदा काढला, दोनदा फोन ठेवला.

व्हायचं तेच झालं. पहिला सुटला. दंडापायी दाजींची भट्टी गेली. आक्कांनी भाऊबीज बंद केली. साहेब दरवर्षी त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि बंद दार बघून परतायचे.

यंदा साहेब गेले. दिवसकार्य झाल्यावर आक्का ऑफिसात आल्या, रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

‘बाई, खरं सांगा. कोन फुटनार ते माझ्या भावाला आधी ठाव हुतं काय?’

एवढी वर्षं सांभाळलेलं तोंड माझं. पण सुटलं. ‘हुतं, आक्का. म्हणून तर आजच जावा म्हणून हात जोडले त्यांनी.’

आक्का खुर्चीकडे बघत म्हणाल्या, ‘ह्यांनी घरी येऊन सांगितलं, मेव्हण्यानं हाकललं म्हनून. आनि मी दार लावून घेतलं गं बाई, आत बसून त्येची पावलं ऐकली!’

मग खुर्चीचा हात घट्ट धरून हळू आवाजात म्हणत राहिल्या, ‘आत ये की रं. ये की आत.’