भरताचा डबा आणि टीव्हीवरचा खंडोबा

लई संताप झालाय, म्हणून लिहितेय.

आज चंपाषष्ठी. चातुर्मास लागल्यापासून आमच्या घरात वांगं शिजलं नव्हतं. सकाळी सासूबाईंनी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला आणि ऑफिसातल्या सगळ्यांसाठी प्रसादाचा डबा भरून दिला. फुलंब्रीहून औरंगपुऱ्यातल्या ऑफिसापर्यंत मी तो एसटीत मांडीवर धरून आणला.

जेवायच्या सुट्टीत डबा पुढं केला, तर शेजारच्या मॅडमनी हात मागं घेतला. "यात मटण नाही ना गं? तुम्हा धनगरांच्या देवाला बकरंच लागतं म्हणे."

"कोण म्हणलं?"

"अगं, त्या कॉमेडी शोमध्ये दाखवलं की!"

डोकंच फिरलं. म्हणलं, "इतकी वर्षं शेजारी जेवतो आपण. मला कधी विचारलंत?"

"किती मनावर घेतेस! विनोद असतो तो."

व्हय? विनोदच होता, तर हात कशाला मागं घेतला?

टीव्हीवाल्यांनी खुशाल हसवावं, आमचा खंडोबा काय रुसत नाय. पण शेजारणीचा देव कसा, ते तिला सोडून टीव्हीला विचारायचं, ही कुठली रीत?

मॅडमचं बघून बाकीच्यांनीही घेतलं नाही. आता परतीच्या एसटीत बसलेय, डबा तसाच भरलेला. सासूबाई दारातच विचारतील, "पुरलं का गं सगळ्यांना?"

काय सांगू त्यांना?