चिंधीत बांधलेल्या बांगड्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. परवा तुम्ही तिकडच्या जंगलातल्या अस्वलाचा फोटो पाठवलात आणि विचारलंत — आजी, तुझ्या वडिलांनी पाळलेली अस्वलं अशीच होती का? मी उत्तर दिलं नाही. आता देते आहे.

पाळलेली नव्हती ती. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती पाळायचीच नव्हती. साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. अण्णा जंगलखात्यात होते. आनेकलकडच्या एका दगडखाणीत सुरुंगानं अस्वलीण मेली आणि तिची दोन पिल्लं पोत्यातून आमच्या घरी आली. तेव्हा बेंगळूरला आमच्या घरामागं नुसती नाचणीची शेतं होती. तिथं अण्णांनी उंच कुंपण घातलं. दोन वर्षं सांभाळायची आणि परत रानात सोडायची, असं ठरवलं. शेजारी हसायचे. "काय अण्णा, यंदा मॅट्रिकला बसवणार का त्यांना?"

अण्णांचा नियम एकच — पिल्लांना माणसाची गोडी लागता कामा नये. बोलायचं नाही, हातानं भरवायचं नाही. आंबील ठेवायची, वाळवी लागलेली ढेकळं टाकायची आणि निघून यायचं. हे काम मुनियक्का करायची. आमच्याकडे कामाला होती ती. आत जाताना पाठीवर पोतं पांघरायची आणि बांगड्यांना चिंधी गुंडाळायची, वाजू नयेत म्हणून. अण्णा म्हणाले होते, काढूनच ठेव. ती म्हणाली, "नवरा जिवंत आहे, सामी. काढायच्या कशा?"

आणि मी? मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात इंग्रजी घेतलेली. पिल्लांची वही माझ्याकडे होती. काय खाल्लं, किती वाढली, माणसाची चाहूल लागली की काय करतात — रोज लिहायचं. मला नीटनेटकेपणाची आवड होती. अजून आहे.

मी लांबण लावते आहे, ते मला कळतंय.

मुनियक्का दुपारी जेवायला गेली की मी कुंपणापाशी जायची. मनगट हलवून बांगड्या वाजवायची. नर लांबच राहायचा. मादी मात्र धावत यायची — बसायची, तोंड वर करायची आणि ओठ लांब करून माझ्या तळहातावरचा गूळ ओढून घ्यायची. एकदा नाही. जवळजवळ रोज, वर्षभर. का? तिची दया आली म्हणून, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. माझ्या हाताच्या आवाजासरशी कुणीतरी धावत येतं — मला ते हवं होतं. मग मी हात धुऊन वहीत लिहायची: माणसाच्या आवाजाला घाबरून लपतात. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात.

ती वही वाचूनच अण्णांनी पिल्लं सोडली.

तीन आठवड्यांनी खबर आली. रानात लाकडं गोळा करणाऱ्या बायकांकडे एक अस्वल धावत आलं. बायका किंचाळल्या, पुरुष कोयते घेऊन आले आणि त्यांनी ते मारलं. अण्णा स्वतः जाऊन पाहून आले. मादीच होती. "बांगड्या वाजल्या तिकडे वळली म्हणे," ते म्हणाले. "पळाली नाही. तोंड वर करून बसून राहिली."

मग त्यांनी मुनियक्काला बोलावलं.

"चिंधी बांधत नव्हतीस ना?"

"बांधत होते, सामी. रोज."

अण्णा माझ्याकडे वळले. "नोंदी तू ठेवत होतीस. हिला कधी बिनचिंधीची पाहिलीस?"

नाही — एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तरी तिचं काम टिकलं असतं. मी म्हणाले, "एकदोनदा."

मुनियक्का माझ्याकडे पाहत राहिली. मग "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. कमरेला खोचलेली चिंधी काढून पायरीवर ठेवली. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "आता घरात गूळ पुरेल, अक्का."

तिला ठाऊक होतं! अण्णांना तिनं का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं? वहीत तर तसं काही नव्हतं. ती पुन्हा आमच्या रस्त्यानं गेलेली मी पाहिली नाही. नर रानात जगला की मेला, तेही कधी कळलं नाही.

पण हेही शेवटचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच खाणीवरून आणखी एक पिल्लू आलं. माणसं पोतं घेऊन अंगणात उभी. अण्णांनी पोत्याचं तोंडही सोडू दिलं नाही. "घेऊन जा," म्हणाले. "माणसाच्या घरात राहिलेलं जनावर रानाचं होत नाही. माझी रीतच चुकली." पोतं हलत होतं. त्यांची रीत चुकली नव्हती. हे जगात दोघींना ठाऊक होतं, आणि त्यातली एक मी घालवून दिली होती. अण्णा पुढं सोळा वर्षं जगले, तेच खरं मानून.

मी दाराआड उभी होते. चार पावलं पुढं आले असते तर पुरलं असतं. मी जागची हलले नाही. बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हातानं त्या घट्ट धरून ठेवल्या.