गिरणीच्या इंजनाची बोट

एके काळी आमच्याकडे माणसांचे दोनच पक्ष होते. मावसाजींनी बोटीचं इंजन बदलावं असं म्हणणारे सगळे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एकटे मावसाजी. पहिल्या पक्षात त्यांचीच बायको, म्हणजे माझी मावशी होती, जंगलाचे ठेकेदार होते, बाजाराला जाणारे गोंड म्हातारे होते, आष्टीच्या घाटावरचा चहावाला होता, आणि मावसाजींच्या हाताखालचा नावाडीही होता, फक्त तो हे त्यांच्या पाठीमागे म्हणायचा. चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, आणे जाऊन नये पैसे आले, साहेब बदलले, शाळेतले नकाशे बदलले. मावसाजींचं इंजन मात्र होतं तिथंच धडधडत राहिलं. राज्यकर्त्यांना जमलं ते मावशीला जमलं नाही.

हे इंजन मुळात बोटीचं नव्हतंच. मावसाजी तरुणपणी धानाच्या एका गिरणीत मशीन चालवायचे. गिरणी बंद पडली, मालक गाव सोडून गेला आणि जाताना ते इंजन भंगार म्हणून तिथंच टाकून गेला. मावसाजींनी सागाची एक दणकट नाव बांधून घेतली आणि तिच्या पोटात हे भंगार बसवलं. आजवर जमिनीवर उभं राहून तांदूळ काढणारं यंत्र वैनगंगेच्या पाण्यावर निघालं, ही गोष्ट त्या यंत्राला शेवटपर्यंत पटली नसावी. सुरू होताना ते आधी खोकायचं, मग मावसाजींच्या हातातलं हँडल झिडकारून टाकायचं, आणि एकदा सुरू झालं की सगळ्या नावेला हिव भरायचं. बोटीत बसून विडी पेटवायला जावं तर काडी विडी सोडून मिशीला लागे. पान खाणाऱ्याचा चुना शेजारच्याच्या धोतराला लागे. धुराड्याच्या जागी रॉकेलच्या डब्यांचा नळ होता, आणि वारा उलटा फिरला की पांढरे कपडे घालून निघालेला पाहुणा सासुरवाडीला ठिपक्याठिपक्यांचा होऊन उतरायचा. कोणी तक्रार केली तर मावसाजी म्हणत, "भाऊ, लगनाले चाल्ला का कोर्टात? मंग काऊन येवढा पांढरा होऊन आला?"

त्या इंजनापायी त्यांची बोलण्याची रीतच बदलून गेली होती. ते घरातही ओरडूनच बोलत. मावशीच्या कानात हळूच काही सांगायचं झालं तर ते आधी शेजाऱ्यांना कळे. आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यांना इंजनाच्याच भाषेत समजे. मावशीला खोकला झाला की ते म्हणायचे, "हवा घेऊन राह्यली." शेजारचा पाटील जेवून सुस्तावला की त्याला तेल जास्त झालेलं असे. स्वतःच्या लेकीसाठी, वच्छलासाठी, मुलगा पाहायला गेले तेव्हा त्या मुलाशी घटकाभर बोलून बाहेर आले आणि मावशीला म्हणाले, "आवाज साफ हाय. भार पडल्यावर कसा चालते ते आता देवाले ठावं." मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. पण लग्न झालं, आणि वच्छला नदीच्या खालच्या अंगाला, बोटीच्या वाटेवरच्याच एका गावी नांदायला गेली.

मी त्या वेळी नवाच मास्तर झालो होतो आणि माझी शाळा त्याही पलीकडे, जंगलाच्या कडेला होती. पोळ्याच्या सुमारास नदीचा पूर ओसरला की बोट सुरू व्हायची ती होळीच्या आधी वाळू उघडी पडेपर्यंत. आष्टीहून मीठ, कापड, रॉकेल घेऊन खाली जायचं आणि धान, हिरडा, मोहफुलं आणि माणसं घेऊन वर यायचं. प्रवाहाविरुद्ध चढताना ते इंजन इतकं रडायचं, की काठावरून गुरं राखत चाललेला गुराखी आमच्या पुढे निघून जाई आणि मागे वळून हसे. एकदा चांद्याहून एक ठेकेदार आला होता. तो हात जोडून म्हणाला, "मावसाजी, नवं इंजन घ्या. माझा सगळा माल तुम्हालाच देतो." मावसाजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "नव्या इंजनाले आवाजच नसते. लोकायले कसं समजन का बोट आली?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नदीकाठच्या गावांत घड्याळं नव्हती. माणसं शेतात, जंगलात आपापल्या कामाला असत. कोसभर लांबून धडधड ऐकू आली की डोक्यावर टोपली घ्यायची आणि घाटाकडे चालायला लागायचं, अशी तिकडची रीत होती. बोट इतकी हळू यायची की घरी जाऊन भाकर बांधून घेऊन येणाऱ्यालाही ती सापडायची. लोक वैतागायचे, शिव्या द्यायचे, पण बोट चुकली असं कोणी म्हणत नसे.

तरी एक गोष्ट मला कळत नव्हती. मावसाजी सगळ्या गावांना बोट लावत, फक्त वच्छलाच्या गावाला लावत नसत. तिथले लोक अर्धा कोस चालत खालच्या घाटावर येऊन बसायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तिथी खडक हाय." मी पुष्कळ डोळे ताणून पाहिलं, पण मला तिथं गुडघ्याएवढाही खडक दिसला नाही.

खडक होता तो वेगळाच होता. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी बापानं प्यायचं नाही, असा आमच्यात रिवाज होता. वच्छलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्या घरात पाळणा हलला नव्हता. बोट त्या घाटाला लावली की व्याही येणार, पाण्याचा गडवा पुढे करणार. नको म्हटलं की का नको ते सगळ्या घाटासमोर उघडं होणार, आणि मान खाली घालून उभी राहणार ती वच्छला. म्हणून मावसाजी बोट थांबवतच नव्हते. तिचा घाट आला की ते फक्त सुकाणू नावाड्याच्या हाती देत, उठून उभे राहत, डोक्याचा दुपट्टा सोडत आणि पुन्हा बांधत. काठावर वच्छला घागर घेऊन उभी असायची. ती पदर सारखा करायची. बापलेकीची भेट म्हणतात ती एवढीच.

हे मला त्यांनीच एकदा सांगितलं. इतर वेळी ओरडून बोलणारा माणूस, पण ते सांगताना त्यांचा आवाज इंजनाच्या वर येत नव्हता, मला कान पुढे न्यावा लागला. "तिले घरून आवाज येते," ते म्हणाले. "खालच्या वळनावर असलो ना, तवाच येते. मंग ते घागर घेते, निंघते, आरामानं चालत घाटावर येते. आता तूच सांग मास्तर, नवं इंजन बसवलं तं ते वळनावर आलं का घाटावर आलंच समज. तिनं निंघावं कवा आन् यावं कवा?" त्यानंतर मी पहिल्या पक्षातून नाव काढून घेतलं. ठेकेदाराला, चहावाल्याला, मावशीलाही मीच सांगू लागलो की त्या माणसाला छळू नका.

पुढे एकदा परीक्षेच्या कामाला मला वच्छलाच्याच गावच्या शाळेत जावं लागलं. काम आटोपून सकाळीच मी खालच्या घाटाकडे निघालो. वाट नदीकाठानं होती. पाहतो तर वच्छला घाटावर बसलेली. धुणं केव्हाच धुऊन दगडांवर वाळत पडलं होतं, घागर भरून बाजूला ठेवली होती, आणि ती नुसती बसली होती. मला पाहून उठली. मी म्हटलं, "वच्छे, बोटीला अजून पुष्कळ अवकाश आहे. आवाजसुद्धा नाही."

ती हसली. "आवाजाचं काय करू दादा? आवाज आल्यावर घागर उचलली का सासू म्हनते, आताच तं पानी आनलं, आता कोनाले पाहाले चाल्ली? म्हून बोटीच्या दिवशी पाहाटेच धुनं घेऊन निंघा लागते. मंग बोट दोपारी येवो का दिवस बुडताना, तवर इथीच."

"रोज अशी बसतेस?"

"बोटीच्या रोज. घरी गेल्यावर बोलनं खा लागते, ते खातो." मग घागरीच्या काठावरून हात फिरवत म्हणाली, "बाबाले सांगजो, इंजन बदलवा म्हना. लवकर येतीन तं लवकर घरी जाता येते. माह्या नावानं नको सांगू पन."

मी खालच्या घाटावरून बोटीत चढलो. तासाभरानं आम्ही तिच्या घाटासमोरून रखडत रखडत वर गेलो. मावसाजी उभे राहिले, दुपट्टा सोडला, बांधला, आणि खाली बसून समाधानानं मला म्हणाले, "पाह्यलं ना? आवाज आयकून बरोबर आली." मला तोंड बंद ठेवणं जमलं नाही. तिच्या नावानं सांगू नको म्हणाली होती, पण दुसऱ्या कोणाच्या नावानं सांगणार होतो? मी सगळं सांगितलं. पहाटेचं धुणं, सासूचं बोलणं, सगळं.

मावसाजींनी हातातल्या बोळ्यानं उगीच इंजनाचं तेल पुसलं. मग मला म्हणाले, "मंजे मीच तिले बसवून ठेवलं का रे येवढे दिवस?"

त्या उन्हाळ्यात नाव वाळूवर ओढली गेली आणि चांद्याहून बैलबंडीतून नवं इंजन आलं. गावात हे ऐकून कोणी विश्वास ठेवला नाही. लोक हात लावून पाहून गेले. जुनं इंजन मावसाजींनी नारळ फोडून, कुंकू लावून अंगणात ठेवलं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असं बजावलं. चार दिवसांत मावशीनं त्याच्यावर सांडग्यांची सुपं वाळत घातली. मावसाजी म्हणाले, "गरम नाई ते, वाळन कसं?" आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच हसले. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतर ते तसे हसलेले मला फारसे आठवत नाहीत.

पोळ्यानंतर बोट सुरू झाली ती वेळेवर येऊ लागली. वच्छला धुणं वाळायच्या आत घरी जाऊ लागली. मावसाजी मला म्हणायचे, "बरं केलं मास्तर, तू बोलला." माणसांचं ठीक चाललेलं असतं तेव्हा ते असंच चालेल असं वाटतं, तसं मलाही वाटलं.

धानाची कापणी उरकली होती. मी शाळेतून सुट्टीला घरी निघालो होतो. वच्छलाच्या गावाजवळ आलो, मावसाजी दुपट्ट्याला हात घालून उठले आणि तसेच उभे राहिले. घाटावर वच्छला होती. आज घागर नव्हती. पायाशी लग्नातली पेटी आणि एक गाठोडं होतं. मागे तिची सासू उभी होती आणि थोडी दूर, झाडाखाली, जावई. मावसाजींनी त्या घाटाला पहिल्यांदाच बोट लावली.

भांडण झालं नाही. सासू वाईट बाई होती असंही मी म्हणणार नाही. तिनं सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "पाहुने, घरात लेकरू पायजे. दुसरी आनली. हिले कोनी हाकललं नाई, हिनंच म्हटलं मी जातो." आणि सवयीनं, पाहुणा दारी आल्यावर करतात तसा, पाण्याचा गडवा पुढे केला.

मावसाजींनी त्या गडव्याकडे पाहिलं. "आता कायचं पानी, बाई," ते म्हणाले, आणि वाकून पेटी उचलली.

वच्छला बोटीत बसली. हिरड्याच्या पोत्यावर बसलेल्या एका गोंड म्हाताऱ्यानं उठून तिला जागा दिली आणि स्वतः खाली बसला. बोट निघाली ती मात्र जुन्या इंजनाला लाजवील अशी हळू. काठ सरकतच नव्हता. उन्हं कलली, तरी आम्ही अर्ध्या वाटेत. तो म्हाताराच शेवटी म्हणाला, "काऊन हळू, मावसाजी? काई बिघडलं का?" मावसाजी म्हणाले, "इंजन गरम झालं." मी त्याच्या अगदी जवळ बसलो होतो. इंजन नेहमीइतकंही तापलं नव्हतं आणि मुकाट चाललं होतं.

मग माझ्या लक्षात आलं. त्या वेगानं गेलो असतो तर आष्टीला ऐन पाणी भरायच्या वेळी पोहोचलो असतो. घाटावर सगळ्या गावच्या बाया घागरी घेऊन उभ्या असतात तेव्हा. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते आणि घाटावर चिटपाखरू नव्हतं. मावसाजींनी पेटी डोक्यावर घेतली आणि म्हणाले, "चाल वच्छे, तुही माय वाट पाहत असन." मावशीला तर काही माहीतच नव्हतं.

वच्छला तिथंच राहिली. मावशीचं घर तिनं सांभाळलं, म्हाताऱ्यांना दुखण्याखुपण्यात जपलं. मावसाजी पुढे कितीतरी वर्षं बोट चालवत होते. संध्याकाळी मी कधी त्यांच्याकडे जेवायला असलो की ती आम्हा दोघांना वाढायची. एका नजरेच्या भेटीसाठी ह्या माणसानं सगळ्यांचं बोलणं सोसलं होतं, आता लेक दोन्ही वेळा समोर उभी राहून विचारत होती, "बाबा, भात देऊ?" मावसाजी ताटावर हात आडवा धरून मान हलवायचे, आणि वर पाहायचे नाहीत.