आमिनाचे बूट

लवंग घातलेल्या चहाचा वास आला की मला पंचवीस वर्षांपूर्वीचं आमचं आखातातलं, सीब गावातलं घर आठवतं. शेजारच्या सलमाची मावसबहीण आमिना आफ्रिकेतून थोडे दिवस विश्रांतीला आली होती. तिकडे ती तुरुंगात डांबलेल्या लोकांसाठी लढायची. रोज आमच्याकडे चहाला यायची, पण दारात बूट काढायची नाही. "मला पकडायला आले तेव्हा अनवाणी पळाले होते," ती एकदा म्हणाली. "तेव्हापासून झोपतेही बुटांतच."

परतायच्या दिवशी मात्र तिने बूट दारात काढले. सलमा म्हणाली, "नको जाऊस गं."

"मग तुरुंगातल्यांचं कोण बघणार?" एवढं बोलून आमिना आमच्या सोफ्यावर आडवी झाली आणि गाढ झोपली.

विमान चुकेल म्हणून मीच तिला हलवून उठवलं. ती गेली, ती पुन्हा तिची काही खबर आलीच नाही. आता त्या आठवणीत मी तिच्यापाशी नुसती उभी राहते. हात पुढे होत नाही.